गाडीचं काय ते विचारा : अल्युमिनियमचं हेड आणि सैल झालेला स्टड

प्रश्न (जिंतूरहून एक वाचक) : कास्ट आयर्न इंजिनची जुनी 350 बुलेट आहे, वडिलांच्या वेळची. मागच्या महिन्यापास्नं वरच्या बाजूनं टकटक आवाज यायलाय. मिस्त्रीनं रॉकरचं झाकण खोललं तर रॉकर ब्लॉक (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरचा आधार) धरणारा एक स्टड (दोन्ही टोकांना आटे असलेली बिनडोक्याची सळई) नुसत्या हातानं वर आला, आट्यांत अल्युमिनियमचा भुगा गुंडाळलेला. आता मिस्त्री म्हणायलाय एम 8 चा टॅप (आटे पाडायचं हत्यार) मारून बोल्ट टाकू, लेथवाला म्हणायलाय वेल्डिंगनं भोक भरून परत पाडू. नवं हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, घ्यायचं सध्या जमणार नाही. कुणाचं ऐकू?

उत्तर : दोघांचंही नका ऐकू, निदान आधी जाडी मोजायला एक व्हर्नियर आणि आट्यांचं माप घ्यायला थ्रेड गेज हातात घेईपर्यंत तरी. कास्ट आयर्न बुलेट म्हणलं की लोकांना वाटतं वरपासून खालपर्यंत सगळं बिडाचंच, पण बिडाचा फक्त सिलिंडर असतो, त्यावरचं हेड अल्युमिनियमचं. ते मऊ असतं, आणि मिस्त्री लोक बिडाच्या सवयीनं पाना ओढतात. तिथंच आटे मरतात.

आता एम 8 चं गणित बघा. या जुन्या इंजिनात ब्रिटिश मापाचे आटे येतात, तुमचा स्टड नेमका किती आहे ते मोजा, पण समजा 5/16 इंच निघाला, तर तो झाला 7.94 मिलिमीटर. आटे पूर्ण निघून गेलेलं भोक जवळजवळ तेवढंच मोठं झालेलं असतं आणि एम 8 म्हणजे 8 मिलिमीटर, म्हणजे टॅपला कापायला उरलं काय, केसाएवढं पण नाही. टॅप फिरेल, मिस्त्री खूश होईल, बोल्ट बसल्यासारखा वाटेल आणि पहिल्या लांबच्या फेरीत परत वर येईल. एम 8 ला आटे पाडायला भोक 6.8 चं लागतं, तुमचं ते कधीच राहिलं नाही.

शिवाय स्टड काढून बोल्ट का टाकायचा? कंपनीनं तिथं स्टड दिला त्याला कारण आहे राव. बोल्ट असला की दर खोलणीला लोखंड अल्युमिनियममध्ये घासतं. स्टड एकदा बसला की बसला, पुढं खोलणं-लावणं सगळं वरच्या नटाचं, म्हणजे लोखंडावर लोखंड.

वेल्डिंग वाईट नाही, पण जुन्या हेडमध्ये पन्नास वर्षांचं ऑइल मुरलेलं असतं, ते तापलं की वेल्डमध्ये बुडबुडे धरतात, हेड वाकायची भीती वेगळी. भोकाभोवतीचा पुरता गालच तुटला असता तर वेल्डिंगच म्हणलो असतो. नुसते आटे गेलेत तर हेलिकॉइल बसवा, म्हणजे स्टीलच्या तारेची स्प्रिंगसारखी गुंडाळी, जी मोठ्या केलेल्या भोकात बसते आणि आत मूळ मापाचे आटे देते. संभाजीनगरला चिकलठाणा, वाळूजकडं टूलच्या दुकानांत चौकशी करा, पण माप घेऊन जा, ब्रिटिश आट्यांचा किट प्रत्येकाकडं नसतो. नाहीच मिळाला तर लेथवाल्याकडून पायरीचा स्टड करून घ्या, खाली मेट्रिक हेलिकॉइलचे आटे आणि वर जुन्या नटाचे.

करताना मात्र हाताच्या ड्रिलनं भोक पाडू देऊ नका. हेड ड्रिल मशीनच्या टेबलावर बांधायचं आणि भोक सरळ उभं पाडायचं, तिरकं गेलं तर ब्लॉक बसणारच नाही. एम 8 हेलिकॉइलला ड्रिल साधारण 8.3 चं आणि टॅप त्याचाच वेगळा असतो, साधा एम 8 चा चालत नाही, हे दुकानदार पण कधीकधी विसरतो. ड्रिलला खोलीची खूण करा, टॅपला रॉकेल लावा, अर्धा फेरा पुढं जरासा मागं. गुंडाळी वरच्या पातळीच्या थोडी खाली ठेवा आणि तिच्या बुडाची आडवी शेपटी मोडून चिमट्यानं बाहेर काढा, ती आत पडली तर नवीन कटकट.

भोकात ऑइल किंवा रॉकेल साचलेलं ठेवून स्टड पिळला तर ते कुठं जाणार, खालचं अल्युमिनियम तडकतं. पंक्चरवाल्याकडं नेऊन हवा मारून घ्या, डोळ्याला चष्मा लावून. मग स्टड हातानंच आत, पाना लावायचा नाही, बुडाला टेकला की थोडासा मागं. धरण्याचं काम नटाचं. रॉकर ब्लॉकचे वरचे-खालचे अर्धे जोडीनं घडवलेले असतात, खूण करून ठेवा, अदलाबदल झाली की रॉकर अडकतो. शेवटी थंड इंजिनावर, कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर (पिस्टन सगळ्यात वर असताना) पुशरॉड, म्हणजे रॉकरला खालून ढकलणारा दांडा, सेट करा, बोटानं सहज फिरला पाहिजे पण वर-खाली खेळ नको.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगरहून) : काकांच्या जुन्या शेवरोलेच्या व्ही-8 ला परदेशातून आणलेली अल्युमिनियमची हेड बसवली. रॉकर स्टड नवे टाकले, 7/16 चे, तुम्ही म्हणता तसेच हातानं बसवून वरचे नट आवळले. आता चालू केली की निळा धूर आणि दोन-तीन प्लग ऑइलनं ओले. रिंगा तर नवीन आहेत. आता काय?

उत्तर : रिंगांना हात लावू नका. दोन गोष्टी चुकल्यात, आणि हातानं बसवायचा नियम इथं चालत नाही हे आधी सांगतो.

बुलेटमध्ये वरचा नट ब्लॉकला हेडवर दाबून धरतो, त्या ताणानंच स्टड पक्का होतो. या व्ही-8 मध्ये रॉकर स्टडवरच झुलतो, वरचा नट काहीच दाबत नाही, तो फक्त व्हॉल्व्हचं ॲडजस्टमेंट धरतो. म्हणून स्टडला मधे षटकोनी खांदा दिलेला असतो, तो खाली गाइड प्लेट (पुशरॉडला जागेवर ठेवणारी पट्टी) दाबतो आणि स्टड स्वतः टॉर्क पान्यानं आवळावा लागतो. आकडा साधारण 45 ते 55 फूट-पाउंड, म्हणजे 60 ते 75 न्यूटन-मीटरच्या आसपास, पण हेडसोबत जो कागद आला असेल त्यातलाच धरा. खालचे आटे जाड, 7/16 ला इंचाला 14, वरचे बारीक, 20. अल्युमिनियमसाठी बुडाचा भाग लांब असलेले स्टड मिळतात, कारण मऊ धातूत व्यासाच्या दीड-दोन पट तरी आटे गुंतले पाहिजेत. बिडाच्या हेडचे आखूड स्टड टाकले असतील तर आताच बदला.

धुराचं कारण हे, की या हेडमध्ये इनटेकच्या बाजूच्या स्टडचं भोक बऱ्याचदा थेट इनटेक पोर्टमध्ये (हवा-पेट्रोल आत जायच्या वाटेत) उघडतं. इंजिन हवा ओढायला लागलं की वरचं ऑइल पण त्या आट्यांमधून खाली ओढलं जातं. स्टड काढा, भोकात बारीक तार घाला, पोर्टमधून टॉर्च मारून बघा, तार दिसली की चोर सापडला. भोक आणि आटे सॉल्व्हंटनं धुवा, स्टडला ऑइल-पेट्रोलला टिकणारं थ्रेड सीलंट लावा आणि टॉर्कनं बसवा. स्टडचं टोक पोर्टमध्ये डोकावत नाही ना तेवढं बघा. प्लंबिंगची पांढरी टेप नको, तिचे तुकडे आत जातात. आणि गाइड प्लेट असेल तर पुशरॉड हार्डन केलेलेच हवेत, नाहीतर प्लेट त्यांना घासून खाते.

प्रश्न (अंबाजोगाईहून) : स्टड परत सुटू नये म्हणून लाल लॉकटाइट (आटे पक्के चिकटवायचं गोंद) किंवा एपॉक्सी पुट्टी भरली तर?

उत्तर : पुट्टी पाण्याच्या टाकीला. लाल लॉकटाइट सोडवायला अडीचशे डिग्रीच्या आसपास तापवावं लागतं, आणि तेवढी बत्ती हेडवर धरली की अल्युमिनियमचा कडकपणा जातो. आटे चांगले असतील तर कमी पकडीचं निळं लॉकटाइट पुरतं, तेही थेंबभर.