पीकविम्यात संशोधन कसलं?

निफाडच्या एका द्राक्षबागायतदारांचं पत्र आलंय. मुलगी बी.एस्सी. ॲग्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे, पीकविम्यावर संशोधन करायचं म्हणते. ते विचारतात, 'विम्यात एजंट होतात, संशोधन कसलं? स्पर्धा परीक्षेला बसवू का?'

नमस्कार भाऊसाहेब,

उत्तर तुमच्याच पत्रात आहे. फुलोऱ्यात पाऊस झाला, गळकूज झाली, पण महसूल मंडळाच्या हवामान केंद्रावर तेवढा पाऊस नोंदलाच गेला नाही, म्हणून भरपाई बसली नाही. फळपिकांचा हवामान आधारित विमा बाग बघत नाही, केंद्राचा आकडा बघतो. या तफावतीला अभ्यासक 'बेसिस रिस्क' म्हणतात, आणि ती कमी कशी करायची यावर जगभर काम चालू आहे. तुमची लेक याच दुखण्याला हात घालतेय. घड जळताना तिने पाहिलाय. शहरातल्या संशोधकाला हे पुस्तकातून कळत नाही.

पुण्याचे अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांनी 1976 मध्ये क्षेत्रनिहाय पीकविम्याची, म्हणजे एकेका शेताऐवजी सगळ्या भागाच्या सरासरी उत्पादनावर भरपाई ठरवण्याची, मांडणी केली. सोयाबीनसारख्या पिकांना आजही पीक कापणी प्रयोगातून, म्हणजे निवडक शेतांतलं पीक कापून-मोजून, मंडळाचं सरासरी उत्पादन काढतात. आता त्यात उपग्रह आलाय: 2023 च्या खरिपापासून भात आणि गव्हाच्या उत्पादन अंदाजात तंत्रज्ञानाला किमान 30 टक्के वजन आहे. दुसरी बाजू अर्थशास्त्राची. राज्यात 2023 ला एक रुपयात विमा आला, 2025 ला ती सवलत गेली. आता खरिपाच्या अन्नधान्य-तेलबियांना विमा रकमेच्या दोन टक्के हप्ता भरायचा म्हटल्यावर कोण थांबतं, कोण विमा काढतं आणि का, हा अभ्यासही व्हायला हवा.

मात्र संख्याशास्त्र पक्कं हवं, त्याला पर्याय नाही. राहुरीच्या कृषी विद्यापीठातून कृषी अर्थशास्त्रात एम.एस्सी. करता येईल, आकडेमोडीची गोडी असेल तर दिल्लीची कृषी सांख्यिकी संशोधन संस्था बघा. उपग्रहाकडे ओढा असेल तर डेहराडूनची सुदूर संवेदन संस्था. पुढे विमा कंपन्या, विद्यापीठं, कृषी तंत्रज्ञानाच्या कंपन्या अशा वाटा आहेत. पगार लगेच भरघोस नसेल, दोन-तीन वर्षं धीर लागेल. स्पर्धा परीक्षेलाही वर्षं जातातच.

प्रवेशाचं नंतर. या ऑक्टोबर छाटणीपासून बागेत एक पर्जन्यमापक लावा. रोज सकाळचा आकडा तिला वहीत लिहू द्या, शेजारी मंडळाच्या केंद्राचा. हंगाम संपला की ती वही घेऊन दोघेही मला भेटायला नाशिकला या.