ब्रेकच्या गणितात ३२ येतंय? तुमची बस रिव्हर्स गेली

वर्धा रोडवर ताशी ७२ किलोमीटरनं धावणारी बस, ब्रेकमुळे मंदन (दर सेकंदाला वेग किती घटतो ते) ४ मी/से², तर ८ सेकंदांत किती अंतर? तुमचं ३२ मीटर आलं, उत्तरात ५० छापलंय, आणि तुम्ही विचारताय, "काऊन?" भाऊ, हे ३२ माझ्या जुन्या ओळखीचं आहे.

७२ चे २० मी/से तुम्ही केलेच आहेत. सूत्रही बरोबर, वेग × काळ − ½ × मंदन × काळ²: २० × ८ − ½ × ४ × ८² = १६० − १२८ = ३२. आकडेमोड चोख. घोळ त्या ८ मध्ये आहे. सूत्राला हात लावण्याआधी २० ला ४ नं भागायचं. बस ५ सेकंदांतच उभी राहते. सूत्राला हे काय माहीत? ते उरलेले ३ सेकंदही तेच मंदन चालू ठेवतं आणि बसला ½ × ४ × ३² = १८ मीटर मागं आणतं. ५० मधून १८ गेले, ३२ उरले.

पटत नसेल तर सेकंदागणिक अंतर मांडा: १८, १४, १०, ६, २. बेरीज ५०. पुढचा आकडा −२ येतो, तिथंच पेन थांबायला हवं.

क्लासच्या छापील नोट्समध्ये ही भागाकाराची ओळच गाळलेली असते. सरळ "काळ = ८" टाकून मोकळे! विचारलं तर "सूत्र पाठ करा" हे उत्तर. माझ्या मते थांबण्याचा काळ काढल्याशिवाय ब्रेकचं एकही गणित सोडवू नये. तो दिलेल्या काळापेक्षा जास्त निघाला तर दिलेलाच काळ वापरा, कमी निघाला तर वेगाचा वर्ग भागिले मंदनाची दुप्पट: ४०० ÷ ८ = ५०.

पण हे सगळीकडे लावू नका. घर्षण नसलेल्या चढावर याच वेगानं वर सोडलेला ठोकळा, मंदन तेवढंच, खरोखरच मागं घसरतो. तिथं ८ सेकंदांनंतरचं विस्थापन (सुरुवातीच्या जागेपासून तो किती दूर आहे ते) ३२ मीटर, कापलेलं अंतर मात्र ५० + १८ = ६८. प्रश्नात शब्द कोणता आहे ते नीट वाचा.

आणि हे कागदावरचं ब्रेकिंग, बरं का. ओल्या रस्त्यावर मंदन एवढं मिळेलच असं नाही, आणि ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर पडायला १ सेकंद लागला तरी बस आधीच २० मीटर पुढं गेलेली असते. तसं विचारलं असेल तर उत्तर ७०.