पाच वाजताचे काम

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

रविवारी तू आलास, सव्वा तास बसलास, समोरचा चहा निवून गेला, तरी पत्रिकेचा मसुदा तू हातातून खाली ठेवला नाहीस. एकच प्रश्न तू तीन वेळा फिरवून विचारलास. फुटबॉल स्पर्धेच्या अंतिम सामन्याच्या दिवशी तुझ्या सरांचा सत्कार करायचा आहे, शाल, श्रीफळ आणि ५१,००० रुपयांची थैली द्यायची आहे, तर ती थैली सरांच्या हाती द्यावी की काकूंच्या, म्हणजे त्यांच्या पत्नीच्या. व्यासपीठावर त्यांच्या शेजारी कोणाला उभे करावे. आणि ते त्या दिवशी पिऊन आले तर काय करावे. मी तेव्हा धड उत्तर दिले नाही, कारण घरात पाहुणे होते आणि माझा आवाज चढला असता. आता लिहितो. थैली कोणाच्याच हाती देऊ नकोस. सत्कार रद्द कर. त्यांना काम दे.

तुझ्या सरांविषयी मला आस्था नाही असे समजू नकोस. डाव्या बगलेतून ते चेंडू घेऊन निघाले की समोरचा बचावपटू आधी त्यांच्या पायांकडे पाही आणि मग हताश होऊन आपल्याच गोलरक्षकाकडे. देवळालीत मी हे अनेकदा पाहिले आहे. पण आपल्याकडे फुटबॉलचा नायक हा फार लहान मुलखाचा राजा असतो. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ हे संघ समोरासमोर आले की पेठाच्या पेठा तिकडे लोटतात, आणि तिथल्या जुन्या खेळाडूला निदान चहाच्या टपरीवर तरी कोणी ओळखते. आपल्याकडे माणूस नाशिक रोडला नायक असतो आणि द्वारका चौक ओलांडून शहरात शिरला की कोणीच नसतो. खेळ सुटल्यावर ही हद्द आणखी आत सरकत जाते, आणि शेवटी तिच्यात घर आणि दुकान एवढेच उरते. कोणते दुकान, हे तुला सांगायला नको.

हे मी ऐकीव बोलत नाही. सातपूरच्या एका कारखान्याच्या संघाचा मी नऊ वर्षे व्यवस्थापक होतो. आमच्या आघाडीच्या फळीत माझा एक मित्र खेळत असे. त्याचे नाव लिहीत नाही, कारण त्याची मुले याच शहरात आहेत. सामना जिंकला की बाटली मी आणत असे. तो संघाचा रिवाज होता, मी सुरू केलेला नव्हता, आणि त्या काळी त्यात कोणाला काही वावगेही वाटत नसे. पण पैसे माझ्या खिशातून जात, हेही खरे. पुढे त्याचा गुडघा गेला, मग कारखान्याने संघच मोडला, मग स्वेच्छानिवृत्तीची योजना आली, आणि एकरकमी पैसे घेऊन तो बेचाळिसाव्या वर्षी घरी बसला. दिवसभर त्याला काही होत नसे. पाच वाजले की होई. ज्या वेळेला त्याने वीस-बावीस वर्षे बुटांच्या नाड्या बांधल्या होत्या, त्या वेळेला त्याचे पाय आपोआप मैदानाकडे वळत. तो फाटकापाशी दहा मिनिटे उभा राही, आत नवी मुले खेळत असत, त्याला कोणी हाक मारत नसे, आणि मग तो रस्ता ओलांडून पलीकडे जाई. गुडघ्यासाठीच्या वेदनाशामक गोळ्या आणि त्यावर दारू, यांनी पोटाची काय अवस्था केली होती, ते डॉक्टरांनी नंतर सांगितले.

आम्ही त्याचा सत्कार केला. मी भाषणात त्याला नाशिकचा पेले म्हटले. शाल झाली, श्रीफळ झाले, ११,००० रुपयांचे पाकीट झाले, टाळ्या वाजल्या, आणि आम्ही सगळे जेवायला आपापल्या घरी गेलो. तो पाकीट घेऊन गेला. चार महिन्यांत संपला. तेराव्याला त्याची पत्नी मला म्हणाली, "भाऊजी, मैदानावर त्यांच्यासाठी काहीच काम नव्हतं का हो?" मी म्हणालो, जागा नव्हती. ते खोटे होते. मैदानावर रेषांची फक्की मारायला आम्ही एका माणसाला दरमहा पैसे देत होतो, आणि तो आठवड्यातून दोन दिवस येतच नसे. समितीत आम्ही सात जण होतो आणि सत्काराचा ठराव एकमताने झाला होता, तेव्हा मला एकट्याला दोष देणारा त्या वेळी कोणी नव्हता आणि आजही नाही. तरी हे पत्र मी लिहितो आहे. बाकीचे सहा जण लिहीत नाहीत, एवढे तरी माझ्या बाजूने मांड.

म्हणून म्हणतो, काम दे.

तू ब्राझीलच्या गारिंचाच्या चित्रफिती पाहतोस, तर त्याचे पुढले आयुष्यही माहीत असू दे. पाउ ग्रांदे नावाच्या गिरणीच्या गावात तो वाढला आणि त्याच कापडगिरणीत कामाला होता. एक पाय आत वळलेला, एक बाहेर. १९५८ आणि १९६२ अशा दोन विश्वचषकांचा तो मानकरी होता, आणि पेले व तो ज्या ज्या सामन्यात एकत्र उतरले, त्यांपैकी एकही ब्राझील हरला नाही. त्याची दारू खेळत असतानाच सुरू झाली होती. १९६९ मध्ये तो चालवत असलेल्या गाडीच्या अपघातात एल्झा सोआरेस या गायिकेची, म्हणजे त्याच्या जोडीदाराची, आई मृत्यू पावली. हे मुद्दाम लिहितो, कारण आपण नायकाच्या दारूची गोष्ट सांगताना गाडीतल्या दुसऱ्या माणसांना विसरतो. मग १९ डिसेंबर १९७३ रोजी माराकाना स्टेडियमवर त्याच्यासाठी सामना भरवला गेला. त्याला नावच कृतज्ञतेचा सामना असे होते. सुमारे १,३१,००० प्रेक्षक आले. जगात याहून मोठी शाल कोणी कोणाच्या खांद्यावर घातली असेल असे मला वाटत नाही. २० जानेवारी १९८३ रोजी तो गेला, तेव्हा तो ४९ वर्षांचा होता, आणि अखेरच्या दर्शनाला पुन्हा माराकानावर गर्दी लोटली.

तू म्हणशील, त्यालाही कामे मिळाली होती. मिळाली होती. इटलीत असताना ब्राझीलच्या कॉफीचा प्रचार करण्याचे काम त्याला दिले होते. पण ते काम म्हणजे गारिंचा म्हणून उभे राहण्याचे होते. तोही सत्कारच झाला, फक्त पगारी. मी म्हणतो ते काम वेगळे आहे: ज्या कामाला वेळ ठरलेली असते, जे माणूस आला नाही तर अडते, आणि ज्यात त्याचा फोटो कोणी काढत नाही.

असे काम मिळालेल्या माणसाचे नाव गेर्ड म्युलर. पश्चिम जर्मनीसाठी ६२ सामन्यांत ६८ गोल, १९७४ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात नेदरलँड्सविरुद्धचा विजयी गोल त्याचाच, आणि १९७१-७२ च्या एकाच हंगामात बुंडेसलीगा या जर्मन साखळी स्पर्धेत ४० गोल, जो विक्रम मोडायला २०२१ साल उजाडावे लागले. खेळाच्या अखेरीस तो अमेरिकेत गेला, तिथे उपाहारगृह चालवले, परत आला आणि दारूत बुडाला. उली होनेस आणि त्याच्या बायर्न म्युनिक या क्लबमधले जुने सहकारी त्याच्याकडे गेले, पण हार घेऊन गेले नाहीत. त्यांनी त्याला आधी उपचाराला पाठवले आणि तो बाहेर आल्यावर क्लबच्या दुसऱ्या संघासोबत प्रशिक्षणाचे काम दिले. मुख्य संघाचा प्रशिक्षक केले नाही, पुतळा करून दारात बसवले नाही. उगवत्या मुलांना गोलसमोर उभे राहायला शिकवण्याचे रोजचे काम दिले. १९९२ पासून पुढे दोन दशकांहून अधिक काळ, स्मृतिभ्रंशाने गाठेपर्यंत, तो ते करत राहिला. २०२१ मध्ये तो वारला, ७५ वर्षांचा होऊन. गारिंचाच्या ४९ शेजारी हा आकडा ठेव आणि मग मला थैलीविषयी विचार.

रविवारी तू हळूच म्हणालास की सरांना फक्की मारायला सांगणे बरे दिसणार नाही, त्यांचा अपमान होईल. हे ऐकून माझा संताप झाला, तो अजून उतरलेला नाही. गेल्या महिन्यात लहान मुलांच्या पालकांनी त्यांना फाटकावरून परत पाठवले, तेव्हा मान राहिला होता काय? आणि व्यासपीठावर दोघांनी दंड धरून त्यांना उभे करायचे, हा बेत तुझाच ना? रेषा सरळ मारणे हे हलके काम नाही. दंडक्षेत्राची रेषा वाकडी असली तर पंच आणि बचावपटू दोघेही फसतात, आणि ती कुठे पडायला हवी हे तुझ्या सरांना दोरीशिवाय कळते. चेंडूंत हवा भरणे, जाळ्या बांधणे, मुलांची हजेरी घेणे, बिब मोजून परत पिशवीत टाकणे, यांतले काहीही दे. पण वेळ पाचची दे. सकाळची देऊ नकोस, सकाळी ते तसेही ठीक असतात.

आता तुझ्याच्याने होणार नाही असा एक भाग आहे, तो नीट वाच. काम हा उपचार नव्हे. उपचारानंतर माणसाला धरून ठेवणारी ती गोष्ट आहे. सरांना खोलीत कोंडून चार दिवसांत दारू सोडवण्याची जी कल्पना समितीतल्या कोणीतरी काढली आहे, ती आजच मोडून काढ. जो माणूस वर्षानुवर्षे रोज भरपूर पितो, त्याची दारू एकाएकी तुटली तर काही तासांत हात कापू लागतात, घाम फुटतो, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दोन-तीन दिवसांनी भ्रम होऊन, नसलेली माणसे दिसू लागून, जिवावर बेतू शकते. हे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवे; तिथे औषधे असतात, थायामिन म्हणजे ब-१ जीवनसत्त्व देतात, रात्री लक्ष ठेवणारे कोणी असते. पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभे केले, तेव्हापासून व्यसनाला आजार मानून उपचार करणे ही आपल्या राज्यात काही नवलाई राहिलेली नाही. अल्कोहोलिक्स अनॉनिमस या मद्यपींनीच एकमेकांना आधार देण्यासाठी चालवलेल्या संघटनेच्या सभांना फी नसते, आणि दारू सोडण्याची इच्छा एवढीच तिथली अट असते. काकूंना तू अ‍ॅल-अनॉनविषयी सांग. ते मद्यपींच्या घरच्यांसाठी आहे, आणि त्या बाईंना आजवर कोणी साधे विचारलेलेही नाही. एक जण म्हणाला म्हणे की सरांना दारूऐवजी वाईनवर आणू. आपण द्राक्षांच्या जिल्ह्यातले, म्हणून असले शहाणपण आपल्याला सुचते. यकृताला बाटलीवरचे लेबल वाचता येत नाही.

उपचार घेतले म्हणजे सगळे सुरळीत होईल अशी हमी मी देत नाही. फुटबॉलपटू जॉर्ज बेस्टला २००२ मध्ये दुसऱ्याचे यकृत बसवले, आणि त्यानंतरही तो पुन्हा प्याला. २५ नोव्हेंबर २००५ रोजी ५९ व्या वर्षी गेला. तुमची मुले त्याचे दारूवरचे विनोद एकमेकांना पाठवून हसतात. त्या माणसाने मँचेस्टर युनायटेड सोडले तेव्हा तो अवघ्या २७ वर्षांचा होता, हे त्यांतल्या किती जणांना ठाऊक आहे? उलट इंग्लंडच्या आर्सेनल क्लबचा कर्णधार टोनी अ‍ॅडम्स दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल तुरुंगात जाऊन आला, तरी नंतर वर्षानुवर्षे पीत राहिला, आणि १९९६ मध्ये त्याने आपण मद्यपी आहोत हे उघडपणे कबूल केले. २००० मध्ये त्याने व्यसनात अडकलेल्या खेळाडूंसाठी उपचारकेंद्र काढले. कोणाचे काय होईल हे सांगता येत नाही, म्हणूनच काम एकदा देऊन काढून घेण्यासारखे नसावे. सर पिऊन आले तर त्यांना त्या दिवशी घरी पाठव, मुलांसमोर बोलू नकोस, आणि दुसऱ्या दिवशी पाच वाजता फाटक उघडे ठेव. पहिले काही महिने लहान मुले त्यांच्या एकट्याच्या ताब्यात देऊ नकोस. पालकांची भीती रास्त आहे, आणि ती रास्त आहे हे सरांना तोंडावर सांगायचे धैर्य तुझ्यात हवे. पैसे द्यायचेच असतील तर थैली नको. ते ५१,००० काकूंच्या संमतीने उपचारासाठी आणि दरमहाच्या मानधनासाठी बाजूला ठेव.

तू जाताना उंबरठ्यावर थांबून म्हणालास की सरांकडे पाहिले की तुला खेळ सोडून द्यावासा वाटतो. त्याला मी काही बोललो नाही. तू चोवीस वर्षांचा आहेस, अंबडला कंत्राटावर काम करतोस आणि संध्याकाळी खेळतोस. तुझाही गुडघा कधीतरी बोलेल. खेळ सोडू नकोस, पण पंचांची परीक्षा दे, शिट्टी हातात घे, सरांकडून रेषा मारायला शीक. जिंकल्यावर बाटली कोण आणतो याकडेही लक्ष ठेव. तो तू असशील तर मला सांगू नकोस, थांबव.

पत्रिका छापायला गेली नसेल तर सत्काराची ओळ काढून टाक, आणि गेली असेल तर छपाईचा भुर्दंड मी देईन. सरांच्या घरी मी उद्या सकाळी स्वतः जाणार आहे, कारण तुझे ते ऐकतील असे मला वाटत नाही आणि माझे ऐकतील याचीही खात्री नाही. पण त्या घरी मी यापूर्वीच जायला हवे होते. गुरुवारी पाच वाजता मैदानावर येतो. फक्कीची एक गोणी आणून ठेव. चेंडूच्या पंपाची पिन माझ्याकडे आहे, ती मी घेऊन येतो.

तुझा,
काका