गाडीतनं आवाज येतोय? आधी सांगा, कधी येतोय

पावसाळा सुरू झाला की एकच प्रश्न सगळ्यांचा, "गाडी आवाज करतीय, काय झालं असंल?" एवढ्यावर कुठलाच फिटर काय सांगू शकत नाही बघा. वेग वाढला की वाढतो का, वळताना येतो का, ब्रेकवर येतो का, गार इंजिनला येतो का, हे लिहिलंत की निम्मं काम झालं. यावेळी ज्यांनी नीट लिहिलंय त्यांना आधी उत्तरं.

प्रश्न (शिरोली) : साचलेल्या पाण्यातनं गाडी काढली, त्याला महिना झाला. आता हायवेला पन्नासच्या पुढं घूंऽऽ असा आवाज येतो, वेग वाढेल तसा वाढतो. एकजण म्हणतो चारी टायर बदला.

थांबा, टायर घेऊ नका लगेच. मला दाट शंका व्हील बेअरिंगची आहे, म्हणजे चाक ज्यावर फिरतं त्या छर्रे भरलेल्या कड्याची. गाडी पळून हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, गरम झालेला असतो आणि तसाच तो गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते, सीलमधनं पाणी आत ओढलं जातं, मग ग्रीस खराब होतं आणि बेअरिंग हळूहळू गंजत जातं, म्हणूनच आवाज त्याच दिवशी न येता महिन्याभरानं येतो. पंचगंगेचं पाणी रस्त्यावर येऊन गेलं की पुढचे दोन महिने आमच्याकडं हीच कामं जास्त.

ओळखायचं कसं? मोकळा रस्ता बघून पन्नासच्या आसपास गाडी ठेवा आणि स्टेअरिंग हलकं उजवीकडं, मग डावीकडं घ्या. उजवीकडं घेतल्यावर गाडीचा भार डाव्या चाकांवर जातो, त्यामुळं तेव्हा आवाज वाढला तर बहुतेक डावं बेअरिंग, आणि उलट झालं तर उजवं. टायरचा आवाज असा बदलत नाही, तो रस्ता बदलला की बदलतो, म्हणजे सिमेंटवर वेगळा आणि डांबरावर वेगळा. टायरवर तळहात फिरवूनपण बघा, आतल्या कडेला करवतीसारखे दाते लागले तर टायरपण दोषी आहे, अलाइनमेंट, म्हणजे चाकं सरळ बसलीत का, ते तपासून घ्या. आणि बेअरिंग निघालं तर टाळाटाळ नको, चाक डगमगायला लागलं की जिवाशी खेळ आहे.

प्रश्न (फुलेवाडी) : पार्किंगमधनं गाडी काढताना फुल कट मारला (स्टेअरिंग पूर्ण वळवलं) की पुढनं कट-कट-कट येतं. सरळ चालवताना काहीच नाही.

हा सीव्ही जॉइंट, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्याचा, अॅक्सलचा, चाकाजवळचा वळणारा सांधा. तुम्ही लिहिलंय त्यातनं दुसरं काय निघत नाही. पुढच्या चाकाच्या मागं वाकून बघा, अॅक्सलवर घडीघडीचा काळा रबरी बूट असतो. तो फाटला असणार आणि चाकाच्या आतल्या बाजूला, रिमला काळं ग्रीस उडून चिकटलेलं दिसंल, बोट लावलं की किरकिरतं, कारण त्यात धूळ मिसळलेली असते. ती धूळच जॉइंटच्या आतले छर्रे खाते. मला वाईट याचं वाटतं की बूट फाटल्या फाटल्या लक्षात आला असता तर नुसता बूट आणि ग्रीस, स्वस्तात काम होतं. आवाज यायला लागला म्हणजे जॉइंट झिजलाय, आता बहुतेक तोच बदलावा लागंल. दर सर्व्हिसिंगला गाडी वर उचलली की "बूट बघा" असं तोंडानं सांगत जा.

प्रश्न (कसबा बावडा) : सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकला चीं करतं, मग बंद होतं.

रात्रभरच्या पावसानं डिस्कवर गंजाचा पातळ थर येतो, पॅड तो खरवडून काढतात. काळजी नको. दिवसभर, प्रत्येक ब्रेकला चीं येत असंल तर मात्र पॅड संपत आलेत, बऱ्याच पॅडना एक छोटी पत्रापट्टी असते ती डिस्कला घासून मुद्दाम ओरडते. आणि चींच्या जागी खर्रर्र सुरू झालं तर लोखंडावर लोखंड घासतंय, तशी गाडी घेऊन घाटात जाऊ नका.

प्रश्न (गगनबावडा) : वैभववाडीकडनं करूळ घाट चढताना पेट्रोल इंजिन कडकड वाजतं, गाडी जुनी आहे.

तिसऱ्या गिअरमध्ये रेटत असाल. इंजिनाच्या कमी फेऱ्यांवर जास्त ओढ पडली की इंधन वेळेआधी आपोआप पेटतं आणि तोच आवाज येतो, जुन्या इंजिनात कार्बन साठलेला असतो त्यानं अजून वाढतो. दुसऱ्यात टाका, फेऱ्या वाढू द्या. तरी येत राहिला तर प्लग आणि कार्बन तपासून घ्या. पण आवाजाबरोबर ऑइलचा लाल दिवा लागला तर तिथंच बाजूला घ्या, इंजिन बंद करा, दिवा लागलेला असताना एक किलोमीटरसुद्धा पुढं नेऊ नका. मी अशा गाड्यांचे क्रँक, म्हणजे इंजिनातला मुख्य फिरता दांडा, उघडून बघितलेत, बेअरिंगची पत्री जळून काळी झालेली असते.

प्रश्न (कळंबा) : गाडी बंद केल्यावर खालनं टिक-टिक येतं, रात्री झोप येत नाही.

सायलेन्सर गार होताना आकसतो, त्याचा आवाज. नवीन गाडीतपण येतो. खर्च काही करू नका, निवांत झोपा.