मनात देवाविषयी राग आणि शंका असताना प्रार्थना कशी करायची? भरवसा कसा ठेवायचा?

तुमचा प्रश्न मला असा समजला: बऱ्याच काळापासून नोकरी नाही. चर्चच्या मंडळीतले सगळे "विश्वास ठेवा, प्रार्थना करा" म्हणतात. तुम्ही रोज प्रार्थनेला बसता, "प्रभू, तुझी इच्छा पूर्ण होवो" असं म्हणता, पण आतून देवाचा राग आलेला असतो. तो राग देवाजवळ बोलून दाखवला तर अविश्वास ठरेल, आणि नाही बोललं तर प्रार्थना खोटी वाटते. अशा वेळी करायचं काय?

माझं उत्तर सरळ आहे. बोलून दाखवा. आज प्रार्थनेला बसाल तेव्हाच. आधी मनात पुरेसा भरवसा गोळा करायचा आणि मग देवासमोर जायचं, असा क्रम पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, मला कुठे सापडत नाही. तिथली माणसं आहेत तशी देवासमोर जातात आणि भरवसा असलाच तर त्या जाण्यातच असतो. ज्याच्यावर अजिबात विश्वास उरलेला नाही, त्याच्याशी भांडायलाही कुणी जात नाही.

बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतलं, म्हणजे प्रार्थनागीतांच्या पुस्तकातलं, १३वं स्तोत्र उघडून बघा. जेमतेम सहा ओव्यांचं आहे. पहिल्या दोन ओव्यांत दावीद राजा चार वेळा विचारतो, अजून किती वेळ? तू मला कायमचा विसरणार का, असं तो थेट परमेश्वराला विचारतो. शेवटी तो देवाच्या दयेवर भरवसा ठेवतो हे खरं, पण तिथे तो या प्रश्नांच्या वाटेनेच पोचतो. ८८व्या स्तोत्रात तर तेवढाही दिलासा मिळत नाही. ते अंधारातच संपतं. तरीही त्याची सुरुवात देवाला आपला तारणारा म्हणून हाक मारून होते, आणि ती प्रार्थना इतर स्तोत्रांच्या बरोबरीने शास्त्रात जपली गेली आहे. मंडळीत आपण जे अनुभव साक्ष म्हणून सांगतो, त्यांत बहुतेक वेळा उत्तर मिळालेल्या प्रार्थनाच ऐकू येतात, त्यामुळे अंधारात संपलेली प्रार्थनाही प्रार्थनाच असते हे आपण विसरून जातो. मला हे फार जाचतं. जो अजून वाट पाहतोय त्याने मंडळीत उभं राहून काय सांगायचं?

आता तुमच्या मनातली खरी भीती. असं बोलणं म्हणजे कुरकुर नाही का? मिसरच्या गुलामीतून सुटल्यावर रानात इस्राएल लोकांनी कुरकुर केली तेव्हा देवाला ते आवडलं नाही, हे आपण सगळेच शिकलो आहोत. पण ती माणसं मोशे आणि अहरोन या आपल्या पुढाऱ्यांविरुद्ध बोलत होती, तंबूंमध्ये बसून आपापसांत बोलत होती, आणि परत मिसर देशात जाऊ म्हणत होती. त्यांचं तोंड देवाकडे नव्हतं, मागे वळलेलं होतं. स्तोत्रकर्ताही तितकंच कडू बोलतो, पण देवाकडे तोंड करून. मुलंबाळं, संपत्ती, आरोग्य सगळं गमावलेल्या ईयोबाचंच बघा ना. त्याने काय काय म्हणून बोलायचं ठेवलं? त्याचे मित्र मात्र देवाची बाजू घेऊन नीटनेटकं, धार्मिक बोलत राहिले. शेवटी परमेश्वराचा कोप झाला तो मित्रांवर. माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसं योग्य बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत, असं तो त्यांना सांगतो. शिवाय त्यांच्यासाठी प्रार्थना करायचं काम ईयोबावरच सोपवतो. ईयोबाच्या पुस्तकाच्या ४२व्या अध्यायातला हा भाग मला मनापासून प्रिय आहे.

हन्नाची गोष्ट तुम्हाला माहीत असेलच, तरी १ शमुवेलाचा पहिला अध्याय पुन्हा एकदा सावकाश वाचा. मूल नाही, सवत डिवचते आहे, नवरा प्रेमाने समजूत घालतो पण त्याला तिचं दुःख पुरतं कळत नाही. ती शिलो इथे परमेश्वरासमोर इतकी रडते, की तिचे नुसते ओठ हलताना पाहून एली याजकाला वाटतं, बाई प्यायलेली आहे. ती म्हणते, नाही, मी परमेश्वरासमोर आपलं मन ओतत होते. जे काही बोलले ते दुःखाच्या आणि चिडीच्या भरात बोलले. हे ऐकून एली तिला शांतीने जायला सांगतो. ती जाते, जेवते, आणि तिचा चेहरा पुन्हा उदास राहत नाही. तिचा मुलगा शमुवेल अजून झालेला नाही, तिच्या पोटातही नाही. हातात काहीही नसताना ती जेवायला बसली. माझ्या लेखी भरवसा तो हाच, आणि तो मन ओतून रिकामं झाल्यावर आला. मन बंद ठेवून ती "तुझी इच्छा" म्हणाली असती तर तो कुठून आला असता?

"तुझी इच्छा" हे शब्द तर आपण गेथशेमाने बागेतल्या, वधस्तंभाआधीच्या रात्रीच्या येशूच्या प्रार्थनेतूनच घेतले आहेत, पण बहुतेकदा अर्धेच. प्रभू येशू आधी शिष्यांना सांगतो की माझा जीव मरणाइतका कष्टी झाला आहे. मग पालथा पडून मागतो की शक्य असेल तर हा प्याला माझ्यावरून टळून जाऊ दे. त्यानंतर ते वाक्य येतं: तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. आणि शुभवर्तमान लिहिणारा मत्तय सांगतो की त्याने तीनदा प्रार्थना केली. देवाच्या पुत्राला "हा प्याला नको" असं म्हणावंसं वाटलं, तर ती ओळ गाळून सरळ शेवटच्या ओळीवर जाण्याचं ओझं तुम्ही स्वतःवर का घ्यावं? आपली इच्छा काय आहे हे मोकळेपणी सांगितल्यावरच ती देवाच्या हाती देता येते. जे कधी बोललंच नाही ते सोपवणार तरी कसं?

माझ्या घरी एक दीर्घ आजारपण होतं. त्या काळात लांबलचक प्रार्थना मला जमायची नाही. "प्रभू, मी थकलोय, आणि तू ऐकतोयस असं मला आज वाटत नाहीये," एवढंच म्हणून मी गप्प बसायचो. आजार बरा झाला नाही. पण त्या एका वाक्याच्या प्रार्थनेने देवाशी असलेलं नातं टिकलं. नुसते ठरावीक शब्द म्हणत राहिलो असतो तर ते हळूहळू सुकून गेलं असतं, असं मला खात्रीने वाटतं.

रोजच्या जगण्यात याचं रूप फार साधं असतं. "सगळं काही आशीर्वादित कर" एवढ्यावर थांबू नका, त्या दिवसाचं नाव घेऊन बोला. उद्या मुलाखत आहे आणि मला भीती वाटतेय. घरचे आज काही बोलले नाहीत, पण त्यांच्या नजरेने मला दुखावलं. माझ्यानंतर शोधायला लागलेल्या मित्राला नोकरी मिळाली आणि मला आनंद झाला नाही, उलट जळफळाट झाला. हे शेवटचं सांगणं सगळ्यात कठीण, आणि म्हणूनच सगळ्यात गरजेचं. प्रामाणिकपणा देवाविषयीच्या तक्रारीपुरता ठेवायचा नसतो, स्वतःविषयीही तितकाच लागतो. ७३व्या स्तोत्रात स्तोत्रकर्ता आसाफ कबूल करतो की दुष्टांची भरभराट पाहून मला हेवा वाटला, मी देवासमोर पशूसारखा होतो. आणि लगेच पुढच्या ओवीत म्हणतो, तरी मी नेहमी तुझ्याजवळ आहे, तू माझा हात धरला आहेस.

बोलून झालं की थोडं शांत बसा. लगेच काही ऐकू यायला पाहिजे असं नाही. आणि भरवसा पुढच्या सगळ्या वर्षांसाठी एकदम मागू नका. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेतही भाकर मागितली आहे ती आजची. मार्कच्या शुभवर्तमानाच्या ९व्या अध्यायातल्या त्या पछाडलेल्या मुलाच्या बापाजवळ तरी कितीसा विश्वास होता? मी विश्वास ठेवतो, माझा अविश्वास घालवायला मदत कर, असं तो एका दमात म्हणाला. येशूने त्याला आधी विश्वास वाढवून मग ये असं सांगितलं नाही. मुलाला बरं केलं.

मनासारखं उत्तर प्रत्येक वेळी येईलच असं मी तुम्हाला सांगणार नाही. प्रेषित पौलाने शरीरातला काटा (सतत छळणारा एक त्रास) निघावा म्हणून प्रभूला तीनदा विनवलं. काटा राहिला, आणि माझी कृपा तुला पुरेशी आहे, असं उत्तर आलं. हाच पौल कैदेत असताना फिलिप्पै इथल्या मंडळीला लिहितो की चिंता करू नका, आपली मागणी देवाला कळवा. पण त्यापुढे तो देत असलेलं वचन मागितलेली वस्तू मिळण्याचं नाही; देवाची शांती तुमची मनं राखील, असं ते आहे. नोकरीसाठी अर्ज करत राहा, ओळखीपाळखीत विचारत राहा. त्याने भरवसा कमी होत नाही.

एक काळजीची गोष्ट. झोप उडाली असेल, जगणंच नको वाटत असेल, तर पाळकांशी किंवा जवळच्या विश्वासू माणसाशी बोला आणि डॉक्टरांकडेही जा. एलीया संदेष्ट्याने झुडपाखाली बसून मरण मागितलं तेव्हा देवाने त्याला उपदेश केला नाही. झोपू दिलं, दूताकरवी भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खायला दिलं. "तू इथे काय करतोस?" हा प्रश्न त्यानंतर खूप दिवसांनी, होरेब डोंगरावर आला.

आज रात्री शब्द सुचले नाहीत तर १३वं स्तोत्र मोठ्याने वाचा. तिसऱ्या-चौथ्या ओवीत दावीद आपल्या शत्रूविषयी बोलतो, तिथे थांबून तुमच्या स्वतःच्या अडचणीचं नाव घ्या. पाचव्या आणि सहाव्या ओव्या आज मनापासून म्हणता येत नसतील तर देवाला तसंच सांगा, आणि उद्या पुन्हा पहिल्या ओवीपासून सुरू करा.