ब्रिस्टलला शिकायला आलोय. पबमधली सायडर, म्हणजे सफरचंदाचं मद्य, गोड सोड्यासारखी लागते. इथले शौकीन ज्या पारंपरिक सायडरचं एवढं कौतुक करतात ती कुठली, आणि सुरुवात कुठून करू?

तुम्ही अगदी योग्य गावात आला आहात. मी बरीच वर्षं हिअरफर्डशायरमध्ये राहते आणि सायडर हा माझा अत्यंत जिव्हाळ्याचा विषय आहे, त्यामुळे उत्तर थोडं लांबेल.

तुम्हाला ती सायडर सोड्यासारखी का लागली ते आधी सांगते. ब्रिटनमध्ये २०१० पासूनचा नियम असा आहे की निदान ३५ टक्के सफरचंदाचा रस असला की पेयाला सायडर म्हणता येतं. तो रसही आटवून ठेवलेला आणि नंतर पाणी घालून वाढवलेला चालतो. शेतावर सायडर करणारी चांगली मंडळी निव्वळ रस वापरतात. सप्टेंबर ते डिसेंबर झाडाखाली पडलेली फळं गोळा करायची, काही दिवस मऊ पडू द्यायची, भरडायची, लगदा कापडात बांधून थरावर थर रचायचा, दाबायचा आणि रस पिंपात भरायचा. बरेच जण वरून यीस्ट घालतच नाहीत, फळावर आणि प्रेसवर जे असतं तेच काम करतं. थंडीभर ते सावकाश आंबत राहतं आणि वसंतात किंवा उन्हाळ्यात पिण्याजोगं होतं.

पण मुळात फळच वेगळं असतं. बाजारात खायला मिळणाऱ्या सफरचंदात टॅनिन, म्हणजे तुरटपणा आणणारं द्रव्य, फारसं नसतं. सायडरच्या सफरचंदाचा चावा घेऊन बघा, कच्चं जांभूळ खाल्ल्यासारखी जीभ आखडते. तुमच्या ब्रिस्टलच्याच वेशीवर लाँग ॲश्टनला १९०३ साली सायडरवर संशोधन करणारी संस्था निघाली आणि तिथले शास्त्रज्ञ बार्कर यांनी या फळांचे चार गट पाडले. आम्लता ०.४५ टक्क्यांच्या वर की खाली, टॅनिन ०.२ टक्क्यांच्या वर की खाली, एवढ्या दोन प्रश्नांवर आंबट, गोड, कडू-गोड आणि कडू-आंबट असे गट पडतात. संस्था २००३ मध्ये बंद झाली, पण बागायतदार अजून याच भाषेत बोलतात. म्हणून सायडर विकत घेताना ‘ड्राय (कोरडी, म्हणजे गोडी नसलेली) की स्वीट’ एवढ्यावर थांबू नका. सफरचंद कुठलं आणि कुठल्या वर्षीचं, हे विचारा. चांगला करणारा माणूस या प्रश्नाने खूश होतो.

सुरुवात डॅबिनेटने करा. हे सॉमरसेटचं कडू-गोड फळ. आंबटपणा कमी, तुरटपणा मऊ, वास संत्र्याच्या सालीकडे झुकणारा. रॉस-ऑन-वायजवळ पीटरस्टो गावात ब्रूम फार्म आहे. तिथली रॉस-ऑन-वाय सायडर अँड पेरी कंपनी एकेका जातीची वेगळी सायडर बाटलीत भरते आणि लेबलवर जातीचं नाव आणि वर्ष लिहिते. शिकण्यासाठी याहून सोयीचं काही नाही. डॅबिनेटच्या दोन वेगवेगळ्या वर्षांच्या बाटल्या शेजारी ठेवून चाखल्यात, तर हे पेय हवामानाप्रमाणे किती बदलतं ते एका संध्याकाळीत कळेल.

त्यानंतर किंग्स्टन ब्लॅक. माझं सर्वांत आवडतं. टाँटनजवळच्या किंग्स्टन सेंट मेरी गावावरून हे नाव पडलं. झाड लहरी, पीक बेताचं, म्हणून बागायतदार कुरकुरतात. पण साखर, आम्ल आणि टॅनिन तिन्ही एकाच फळात असल्यामुळे दुसऱ्या कुठल्या रसाची जोड न घेता त्याची सायडर पूर्ण लागते. किंग्स्बरी एपिस्कोपी गावातल्या बरो हिल फार्मची, बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवलेली किंग्स्टन ब्लॅक मिळाली तर सोडू नका. बाटलीत फेस आणण्याची ही रीत शॅम्पेनकडून उसनी घेतली असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात सतराव्या शतकातच इंग्लंडमध्ये कोळशाच्या भट्टीत जाड काचेच्या मजबूत बाटल्या होऊ लागल्या होत्या, आणि त्यांत भरलेल्या हिअरफर्डशायर-ग्लॉस्टरशायरच्या सायडरला फेस येत होता. शॅम्पेनचा बोलबाला त्यानंतरचा. इथल्या सायडरला हे श्रेय फार कमी लोक देतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

तिसरी फॉक्सव्हेल्प, तिची आवड जडायला वेळ लागतो. सतराव्या शतकापासून नावाजलेलं, भयंकर आंबट फळ, पण वास मात्र स्ट्रॉबेरीचा. पहिल्याच आठवड्यात याच्या वाटेला जाऊ नका.

गोड आवडत असेल तर ‘कीव्हिंग’ केलेली सायडर शोधा. थंडीत रसातलं पेक्टिन (ज्याने जॅम घट्ट होतो ते द्रव्य) कॅल्शियमबरोबर घट्ट होतं आणि तपकिरी साय होऊन वर तरंगतं. यीस्टचं खाद्यही बरंचसं त्या सायीत अडकतं. खालचा नितळ रस अलगद वेगळा काढला की यीस्टची उपासमार होते, आंबणं मंदावतं आणि फळाची स्वतःची साखर शिल्लक राहते. फ्रान्समध्ये, नॉर्मंडी-ब्रिटनीत, ही रोजची रीत आहे. इंग्लंडमध्ये ऑकल पिचर्ड गावचे सायडर करणारे टॉम ऑलिव्हर ती उत्तम साधतात. (हेच गृहस्थ ‘द प्रोक्लेमर्स’ या बँडचं ध्वनिसंयोजनही करतात.)

शेतावरची, पिंपातून थेट ओतलेली, बुडबुडे नसलेली सायडर प्यायची असेल तर चेडरजवळ मडग्ली गावात विल्किन्सचं लँड्स एंड फार्म गाठा. एक पिंप कोरडीचं, एक गोडीचं, आणि मधली हवी असेल तर दोन्ही मिसळून देतात. चेडर चीजही तिथेच घ्या. शहर सोडायचं नसेल तर स्पाइक आयलंडवरचं ऑर्चर्ड इन बघा, तिथे निवड मोठी असते. क्लिफ्टनच्या कॉरोनेशन टॅपमधली एक्झिबिशन सायडर अर्ध्या पाइंटच्या ग्लासातच देतात, आणि ते बरोबरच आहे. चव सौम्य असली तरी या सायडरी सहा ते आठ टक्क्यांच्या असतात आणि पाणी पिण्याच्या वेगाने प्यायच्या नसतात.

शौकिनांच्या यादीत स्पेनमधल्या अस्तुरियास प्रांताची सिद्रा, म्हणजे तिथली सायडरही असतेच. ती बाटली डोक्याच्या वर धरून, खाली कमरेशी धरलेल्या रुंद ग्लासात घोटभरच ओततात, म्हणजे ती ग्लासच्या काठावर आपटून क्षणभर जिवंत होते. तो घोट लगेच संपवायचा. २०२४ च्या डिसेंबरमध्ये युनेस्कोने तिथल्या सायडर-संस्कृतीला वारसा यादीत घेतलं. चवीला ती आंबटसर, टॅनिनने हलकी. इंग्लिश सायडरची सवय झाली की मगच तिच्याकडे वळा.

पेरी मात्र विसरू नका. ती पेअरची असते, तुरट, खाता न येणाऱ्या जातींची. ग्लॉस्टरशायरच्या मे हिलच्या नजरेच्या टप्प्यातच उत्तम पेरी होते, असं इकडचे लोक मानतात. तिची झाडं तीनशे वर्षंसुद्धा जगतात. पेअरमधलं सॉर्बिटॉल हे साखरेसारखं गोड द्रव्य यीस्टला पचत नाही, म्हणून पूर्ण आंबल्यावरही पेरीत हलका गोडवा उरतो.

आपल्या स्वयंपाकाशी जोडायला याचा फार उपयोग होतो. तिखटाने टॅनिन आणखी कडू लागतं, त्यामुळे झणझणीत मटणाबरोबर कोरडी किंग्स्टन ब्लॅक घेऊ नका, ती डुकराच्या मांसाबरोबर किंवा जुन्या चेडरबरोबर घ्या. उन्हाळ्यात कॉर्नवॉलचा ताजा बांगडा बाजारात येतो. हळद, मीठ, जरा तिखट लावून तो तळा, आणि शेजारी थॉर्न जातीच्या पेअरची पेरी ठेवा. तिला लिंबासारखी धार असते, त्यामुळे बांगड्यावर वेगळं लिंबू पिळावं लागत नाही.