पापनिवेदनातलं गुपित काकूलाही लागू होतं का?

प्रश्न: आम्ही वसईचे, सध्या मेलबर्नला असतो. माझी तेरा वर्षांची पुतणी पापनिवेदनाला, म्हणजे चर्चमध्ये फादरपुढे आपली पापं कबूल करायला गेली होती. नात्यातला एक माणूस नको तिथे हात लावतो, असं तिने फादरना सांगितलं. "हेच बाहेर येऊन मला पुन्हा सांग," ते म्हणाले. ती घाबरली आणि रात्री माझ्या कुशीत शिरून सगळं बोलली. मी हे बाहेर काढलं तर पाप लागेल का? तिचे वडील, म्हणजे माझे दीर, म्हणतात, घरातलं घरातच राहू दे.

उत्तर: ताई, पाप लागणार नाही. गुप्ततेचं बंधन फादरवर असतं, सांगणाऱ्या लेकरावर नाही. तिने आपणहून ज्या काकूला सांगितलं, तिच्यावरही नाही. आणि तिच्यासोबत जे झालं ते तिचं पाप नव्हे, हे तिला आजच जवळ घेऊन सांगा. ती पापनिवेदनात हे का बोलली असेल, याचा विचार करून माझा जीव कळवळतो.

फादरनी तिला झिडकारलं नाही. पापनिवेदनात ऐकलेलं फोडणारा धर्मगुरू चर्चच्या नियमाने बहिष्कृत होतो. म्हणून 'बाहेर सांग'. बाहेर सांगितलं की ती साधी बातचीत, मग त्यांना ते कळवावंच लागतं. तुमच्या मेलबर्नच्या राज्यात, व्हिक्टोरियात, १७ फेब्रुवारी २०२० पासून धर्मगुरूंनाही मुलांवरचे अत्याचार कळवणं सक्तीचं आहे, पापनिवेदनही त्यातून सुटलेलं नाही. मेलबर्नचे आर्चबिशप कोमेनसोली यांनी २०१९ मध्ये 'तुरुंगात जाईन, पण गुपित फोडणार नाही' अशी भूमिका घेतली होती. त्यांची श्रद्धा मला समजते, तरी मुलांच्या बाबतीत मी कायद्याच्या बाजूची आहे.

पण तुम्ही फादरांची वाट पाहत बसू नका. तिथला कायदा तुम्हालाही लागू आहे, दिरांनाही. सोळा वर्षांखालच्या मुलावर प्रौढाने लैंगिक अत्याचार केल्याचं कळूनही सबळ कारणाशिवाय पोलिसांना न सांगणाऱ्या कुणाही प्रौढाला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

तिला खोदून खोदून विचारू नका. ती जे बोलली ते तिच्याच शब्दांत, तारीख-वेळेसह लिहून ठेवा. त्या माणसाला जाब विचारायला जाऊ नका, फक्त ती त्याच्यासोबत एकटी राहणार नाही एवढं आजपासून बघा. मग पोलीस ठाण्यात जा, तातडीचा धोका असेल तर ००० फिरवा. इंग्रजी अडलं तर मराठी दुभाषा मागा, पण नात्यातल्या कुणाला त्या कामाला बसवू नका.